हिरड्या, जंतू आणि पुरावा

आमच्या बेळगावच्या घरी माळ्यावर पत्र्याची एक जुनी ट्रंक आहे. तीत पणजोबांच्या वेळची खरेदीखते, खंडाच्या पावत्या आणि लग्नपत्रिका एकत्र बांधून ठेवलेल्या आहेत. वकिलाच्या हाती जुने कागद पडले की तो ते वाचल्यावाचून खाली ठेवीत नाही. मागल्या वर्षी एका वाटणीच्या कामासाठी ती ट्रंक उतरविली, तेव्हा १९३४ सालची एक पावती हाती लागली. वळणदार इंग्रजी अक्षरांत एवढाच मजकूर होता की, अठ्ठावीस दात काढल्याबद्दल रक्कम पावली. नाव माझ्या पणजीचे होते. तिचे वय त्या वेळी छत्तीस वर्षांचे.

घरात ही हकीकत ऐकीव स्वरूपात सर्वांस ठाऊक होती. पणजीचे गुडघे आणि बोटांचे सांधे सुजत. तिला तपासणाऱ्या डॉक्टरांनी तोंड उघडावयास लावले, हिरड्या दाबून पाहिल्या, थोडा पू आलेला दाखविला, आणि सांध्यांतील विष येथूनच उतरते आहे असे सांगितले. तीन खेपांत सगळे दात गेले. लहानपणापासून आम्ही या गोष्टीकडे आडगावच्या वैद्यकीय अज्ञानाचा नमुना म्हणून पाहत आलो. पावती सापडल्यावर मी त्या काळचे काही वाचन केले, आणि माझे मत बदलले. ते डॉक्टर अडाणी नव्हते. लंडन, शिकागो आणि न्यूयॉर्क येथील नामांकित वैद्य त्या वेळी जे करीत होते तेच त्यांनी केले. चूक एका माणसाची नव्हती. हिरड्यांचा रोग आणि तोंडातील जंतू यांचा संबंध शोधण्याच्या तीनशे वर्षांच्या कामात ती मधल्या टप्प्यावर घडलेली होती. त्या कामाची हकीकत सांगण्यासारखी आहे.

जंतू पहिल्यांदा दिसले ते हॉलंडमधील डेल्फ्ट गावी. अँटनी व्हान लेव्हेनहुक हा कापडाचा व्यापारी. गावच्या न्यायाधिकाऱ्यांच्या सभागृहाची व्यवस्था पाहण्याची नोकरीही त्याच्याकडे होती, म्हणजे आमच्या कचेरीशी त्याचे दूरचे नाते लागते. विद्यापीठाचे तोंड त्याने पाहिलेले नव्हते, पण भिंगे घासण्यात त्याचा हात धरणारा कोणी नव्हता. १७ सप्टेंबर १६८३ रोजी त्याने लंडनच्या रॉयल सोसायटीस लिहिलेल्या पत्रात आपल्याच तोंडाची तपासणी दिली आहे. आपण रोज सकाळी मिठाने दात घासतो, जेवणानंतर दाढा कोरतो, फडक्याने पुसतो, त्यामुळे आपल्या वयाच्या माणसांत इतके स्वच्छ दात क्वचितच आढळतील, मीठ रगडले तरी आपल्या हिरड्यांतून रक्त येत नाही, असे तो प्रथम नमूद करतो. तरीसुद्धा दातांच्या फटींत कालवलेल्या पिठासारखा पांढरा थर राहतोच. तो पावसाच्या पाण्यात मिसळून भिंगाखाली धरला, तेव्हा त्यात अगणित सजीव प्राणी हालचाल करताना दिसले. कोणी भोवऱ्यासारखे फिरत होते, कोणी पाण्यातून माशासारखे सळसळत जात होते. पुढे त्याने जन्मात तोंड न धुतलेल्या एका म्हाताऱ्याच्या दातांवरील मळ तपासला, आणि त्यातील गर्दी पाहून तो थक्क झाला. १६९२ साली पुन्हा पाहिले तर पुढच्या दातांवर ते प्राणी सापडेनात. आपण सकाळी घेत असलेल्या कढत कॉफीने ते मेले असावेत, असा तर्क करून त्याने मागच्या दाढांकडे शोध घेतला, आणि तेथे ते मिळाले.

येथे एक गोष्ट लक्षात घेण्याजोगी आहे. या गृहस्थाने जंतू पाहिले, मोजण्याचा यत्न केला, त्यांची चित्रे काढविली, परंतु त्यांच्यावर कोणताही आरोप केला नाही. हे प्राणी हिरड्या कुजवितात असे त्याच्या पत्रात कोठेही नाही. आमच्या भाषेत सांगावयाचे तर तो निष्ठावंत प्रत्यक्षदर्शी साक्षीदार होता. त्याने जे पाहिले तेवढेच सांगितले.

रोग मात्र फार जुना. सुश्रुतसंहितेच्या निदानस्थानात दंतमूलाचे, म्हणजे हिरड्यांचे, पंधरा विकार सांगितले आहेत. त्यांतील ‘शीताद’ म्हणजे कारणावाचून हिरड्यांतून रक्त येणे आणि त्या मऊ होऊन गळणे. ‘दंतवेष्ट’ म्हणजे पू व रक्त वाहून दात हलू लागणे. हे वर्णन आजच्या दंतवैद्यालाही अनोळखी वाटणार नाही. कारण म्हणून कफ व रक्त यांच्या दुष्टीकडे बोट दाखविले आहे. कृमी आला आहे तो ‘कृमिदंत’ या दाताच्या विकारात. आपण आजही दाताला ‘कीड’ लागली म्हणतो, हिरडीला कोणी कीड लागली म्हणत नाही. दातांवर साचणाऱ्या कठीण थरालाही तेथे ‘दंतशर्करा’ असे नाव असून तो खरवडण्याचे दंतशंकू नावाचे शस्त्र सांगितले आहे. हाच थर आपण बोलण्यात कीटण म्हणतो.

कीटणावर पहिला ठाम आरोप ठेवला तो अमेरिकेतील हार्टफर्डच्या जॉन रिग्ज याने, १८७६ साली. (याच रिग्जने ११ डिसेंबर १८४४ रोजी होरेस वेल्स या आपल्या सहव्यावसायिकाचा दात, त्यास नायट्रस ऑक्साइड हुंगवून, वेदनेवाचून काढला होता. शस्त्रक्रियेतील भुलीच्या इतिहासात त्याचे नाव त्यामुळेच येते.) हिरड्यांतून पू येण्याचा रोग रक्तातील दोषाने होत नाही, दातांवर साचलेल्या पदार्थाने होतो, तो पदार्थ खरवडून काढा म्हणजे रोग हटतो, असे त्याचे म्हणणे होते. कितीएक वर्षे या रोगास रिग्जचेच नाव होते. आपल्याकडे तो ‘पायोरिया’ म्हणून ओळखला गेला.

तोवर बर्लिनमध्ये रॉबर्ट कॉक याने जंतुशास्त्राला पुराव्याची शिस्त लावली होती. तिचा आशय असा: संशयित जंतू प्रत्येक रोग्यात सापडला पाहिजे, निरोगी माणसात सापडता कामा नये, तो वेगळा काढून वाढविता आला पाहिजे, आणि तसा वाढविलेला जंतू निरोगी प्राण्यास टोचला असता तोच रोग झाला पाहिजे. क्षयाच्या बाबतीत ही कसोटी मोठी उपयोगी ठरली. मूळचा अमेरिकन, पण बर्लिनमध्ये स्थायिक झालेला दंतवैद्य विलोबी मिलर याने तीच कसोटी तोंडास लावली. १८९० सालचा त्याचा तोंडातील सूक्ष्मजंतूंवरील ग्रंथ या विषयाचा पाया समजला जातो. दात किडण्याचे कोडे त्याने बरेचसे उलगडले: जंतू पिष्ट व साखर आंबवितात, त्यातून आम्ल होते, आम्लाने दात झिजतो. पायोरियाचा एक विशिष्ट जंतू मात्र त्यास सापडला नाही. सापडणार तरी कसा? तोंड ही मुळातच जंतूंची वस्ती. निरोगी माणसाच्या तोंडातही तीच मंडळी हजर. सर्व मानवजातीच्या तोंडांचा विचार केला तर सुमारे सातशे प्रकारांची आज नोंद आहे, आणि त्यांपैकी पुष्कळ काचपात्रात वाढण्यास तयार नसतात. भरबाजारात चोरी झाली, तर तेथे असलेल्या प्रत्येक माणसास पकडून काय होणार?

तरी पकडापकड झालीच. १९१४-१५ च्या सुमारास न्यू ऑर्लिन्स येथील चार्ल्स बास व त्याचा सहकारी जॉन्स यांनी पायोरियाचा अपराधी म्हणून हिरड्यांत सापडणाऱ्या अमीबाकडे बोट दाखविले, आणि आमांशावर चालणारे एमेटिन त्यावर द्यावयास सांगितले. थोड्याच वर्षांत तो अमीबा निरोगी तोंडातही आढळू लागला आणि खटला निकालात निघाला. बासबद्दल माझ्या मनात आदर आहे तो पुढील वर्तनामुळे. त्याने चूक धरून ठेवली नाही. उतारवयात हा माणूस दात व हिरडी यांच्या सांध्यावरून ब्रश कसा फिरवावा, फटींतून दोरा कसा ओढावा, याचे शिक्षण देत राहिला. हिरडीच्या कडेशी ब्रश तिरपा धरण्याची जी रीत दंतवैद्य आज शिकवितात, ती त्याच्याच नावाने चालते.

दुसऱ्या बाजूने जे घडले ते इतके निरुपद्रवी नव्हते. ३ ऑक्टोबर १९१० रोजी लंडनचे वैद्य विल्यम हंटर यांनी कॅनडातील मॉन्ट्रियल येथे मॅकगिल विद्यापीठात व्याख्यान दिले. सोन्याच्या टोप्या आणि पूल बसवून दंतवैद्य कुजक्या मुळांवर इमारती उभारीत आहेत, त्यांच्याखाली साचलेली घाण सर्व शरीरात पसरून पांडुरोगापासून सांधेदुखीपर्यंत नाना व्याधी उत्पन्न करते, असा त्याचा रोख होता. शिकागोचे फ्रँक बिलिंग्ज यांनी या विचारास शास्त्रीय सिद्धांताचे रूप दिले. शरीरात कोठेतरी जंतूंचे एक ठाणे असते, तेथून जंतू किंवा त्यांचे विष दूरच्या अवयवांवर चाल करते. ठाणे उठवा, रोग बरा होईल. दात आणि टॉन्सिल ही ठाणी सर्वांत हाताशी असलेली, म्हणून प्रथम त्यांच्यावर गदा आली.

या सिद्धांतात सत्याचा अंश नव्हता असे नाही. दात काढताना वा हिरड्या खरवडताना जंतू रक्तात उतरतात, आणि हृदयाच्या झडपा आधीच दुखावलेल्या असल्यास ते तेथे बसून प्राणघातक रोग उत्पन्न करू शकतात, हे आजही मान्य आहे. घात झाला तो पुराव्याच्या बाबतीत. रोगी आहे, त्याच्या तोंडात जंतू आहेत, म्हणून जंतूंनी रोग केला: एवढ्यावर निकाल दिला जाऊ लागला. जंतू सर्वांच्याच तोंडात असल्यामुळे या तर्काने कोणाचाही दात दोषी ठरविता येत होता. दात काढल्यावर रोगी योगायोगाने सुधारला तर सिद्धांत खरा. न सुधारला तर आणखी एखादे ठाणे राहिले असले पाहिजे, म्हणून पुढे शोध. निर्दोष सुटण्याची वाटच नाही अशी ही न्यायपद्धती.

तिचा शेवट कोठवर जातो हे न्यू जर्सीतील ट्रेन्टन येथील सरकारी मनोरुग्णालयात दिसले. १९०७ पासून तेथे प्रमुख असलेला हेन्री कॉटन याची अशी खात्री झाली होती की, वेडाचे मूळ शरीरातील कुजट ठाण्यांत आहे. त्याने रोग्यांचे दात काढविले, त्यानंतर टॉन्सिल, आणि तेवढ्याने भागले नाही तेव्हा मोठे आतडे. आतड्याच्या शस्त्रक्रियेने जवळजवळ तिसरा हिस्सा रोगी दगावत असल्याचे त्याच्या स्वतःच्याच आकड्यांत होते. त्याचा प्रामाणिकपणा असा विलक्षण की, स्वतःच्या मुलांचेही दात त्याने काढविले. १९२४ साली फिलिस ग्रीनेकर या तरुण महिला डॉक्टरकडे चौकशी सोपविण्यात आली. तिने एकेका रोग्याची कागदपत्रे पडताळली आणि यशाचे दावे टिकत नाहीत असे दाखविले. तो अहवाल दाबून ठेवण्यात आला. ज्यांच्यावर शस्त्रे चालली त्यांच्यापैकी बहुतेकांस ‘नको’ म्हणण्याचा अधिकार कायद्याने नव्हता, ही गोष्ट वकील या नात्याने मला विसरता येत नाही.

सिद्धांताला उतरती कळा लागली ती त्याच्याच एका अनुयायाच्या हातून. न्यूयॉर्कचे रसेल सेसिल हे सांधेरोगाचे मोठे जाणकार, आणि पूर्वी या मताचे पुरस्कर्ते. १९३८ साली त्यांनी अँजेव्हाइन यांच्यासह आपल्याच दोनशे संधिवाती रोग्यांचा हिशेब मांडला, आणि दात व टॉन्सिल काढल्याने या रोगास गुण येतो यास आधार सापडत नाही, असे लिहून टाकले. पणजीचे दात त्यापूर्वी चार वर्षे गेले होते. गुडघे तिचे पुढे तीस वर्षे दुखतच राहिले. १९३६ सालचे तिचे एक छायाचित्र आहे. अडतिसाव्या वर्षी गाल आत गेलेले, ओठ मिटलेले. भाकरी ती आमटीत भिजवूनच खाई, आणि लग्नकार्यात पंक्तीला बसावयाचे टाळी, असे आजोबा सांगत.

याची प्रतिक्रिया उलट टोकाला गेली. जंतूंचे नाव काढणे पुष्कळांस नकोसे झाले. हिरड्यांचा रोग म्हणजे वयोमान, जीवनसत्त्वांची उणीव, दातांची सदोष ठेवण, शरीराची मूळ प्रकृती, असे सांगितले जाऊ लागले. पुढली पंचवीस वर्षे याच गोंधळात गेली.

त्यातून वाट काढणारा प्रयोग डेन्मार्कमधील आर्हुसच्या दंतवैद्यक महाविद्यालयात झाला. १९६५ साली हॅराल्ड लो व त्यांच्या सहकाऱ्यांनी तो प्रसिद्ध केला, आणि त्याच्या साधेपणाचे मला राहून राहून नवल वाटते. निरोगी हिरड्यांची बारा माणसे घेतली, त्यांत बहुतेक महाविद्यालयातील विद्यार्थीच. त्यांना सांगितले, दात घासणे बंद करा. काहींस दहा दिवस लागले, काहींस तीन आठवडे, पण बाराही जणांच्या हिरड्या सुजल्या. दातांवरील थर तपासला जात होता. आरंभी गोल जंतू, मागून लांबट तंतूंसारखे, आणि हिरड्या सुजण्याच्या सुमारास वळवळणारे मळसूत्री जंतू, असा वस्तीचा क्रम बदलत गेला. मग सांगितले, पुन्हा घासा. सुमारे आठवड्याभरात जंतूंची वस्ती पूर्ववत् झाली आणि सूज गेली. आहार तोच, वय तेच, प्रकृती तीच. बदलला तो फक्त थर. कारण हजर करताच कार्य हजर होते, कारण काढून घेताच कार्य जाते. लेव्हेनहुकच्या साक्षीनंतर २८२ वर्षांनी प्रथमच आरोपास साजेसा पुरावा पुढे आला.

परंतु सुजलेली हिरडी म्हणजे गेलेला दात नव्हे. सूज हाडापर्यंत उतरून दाताचा आधार खचतो तेव्हा त्यास खरा पायोरिया म्हणावयाचे. ते तपासण्यासाठी वर्षे लागतात, आणि या शोधाचा दुसरा भाग आपल्या शेजारी, श्रीलंकेच्या चहामळ्यांत झाला. १९७० साली लो आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी तेथील ४८० तमिळ पुरुष मजुरांची तपासणी सुरू केली. दात घासण्याची प्रचलित साधने त्यांनी कधी वापरलेली नव्हती, दंतवैद्य त्यांस ठाऊक नव्हता. १९८५ पर्यंत पुन्हा पुन्हा तपासणी झाली. शेवटच्या वेळी मूळच्यांपैकी १६१ जण उरले होते. या लोकांचे दात किडलेले जवळजवळ नव्हतेच. थर मात्र सर्वांच्या दातांवर, सूज सर्वांच्या हिरड्यांत. १९८६ साली जो निष्कर्ष प्रसिद्ध झाला तो असा की, शेकडा ८ जणांत रोग झपाट्याने वाढला, ८१ जणांत मध्यम गतीने, आणि ११ जणांत सुजेपलीकडे गेलाच नाही. पस्तिसाव्या वर्षी पहिल्या गटात दाताचा आधार सरासरी ९ मिलिमीटर खचलेला, दुसऱ्यात ४, तिसऱ्यात १ हूनही कमी.

या अभ्यासाचे शास्त्रीय मोल मोठे आहे, आणि तरी तो वाचताना मन अस्वस्थ होते. हे मजूर ज्या समाजातले, त्यास १९४८ च्या सिलोनच्या नागरिकत्व कायद्याने एका फटक्यात देशहीन केले होते. १९६४ च्या सिरिमाओ-शास्त्री करारात त्यांची लाखांनी वाटणी झाली: इतके तिकडे, इतके इकडे. सीमेवरच्या आम्हा लोकांस असल्या आकड्यांचा अर्थ वेगळा सांगावा लागत नाही. ज्यांस मत नव्हते, दंतवैद्य नव्हता, त्यांच्या तोंडात रोग आपल्या गतीने पंधरा वर्षे चालला आणि त्याची मोजदाद झाली. तुलनेसाठी घेतलेल्या ऑस्लोच्या सुशिक्षित पुरुषांना दवाखाना हाताशी होता. आजच्या पाठ्यपुस्तकांतील त्या तीन आकड्यांमागे ही माणसे आहेत.

त्या ११ जणांनी तर जंतूंवरील सरळ आरोपही अपुरा ठरविला. तोच थर, तीच सूज, मग यांचे हाड का खचले नाही? उत्तराचा मोठा भाग शरीराच्या प्रतिकारात आहे. हिरडीखाली जंतूंची चाल होते तेव्हा रक्तातील पांढऱ्या पेशी धावून येतात, दाह होतो, आणि त्या दाहाच्या प्रेरणेने शरीराच्याच पेशी जबड्याचे हाड विरघळवितात. जंतू हाड खात नाहीत. दंगल शमविण्यास आलेल्या फौजेनेच गाव उद्ध्वस्त करावे, तशातला हा प्रकार. ही फौज कोणाची किती बेफाम होईल हे अनुवंश, तंबाखू, मधुमेह यांवर अवलंबून असते.

जंतूंच्या बाजूनेही चित्र पालटले. १९९८ साली बोस्टनच्या सिग्मंड सोक्रान्स्की यांनी तेरा हजारांहून अधिक नमुने तपासून, खचलेल्या हिरड्यांत तीन जंतू जोडीने वावरतात असे दाखविले: पॉर्फिरोमोनास जिंजिव्हालिस, ट्रेपोनेमा डेंटिकोला आणि टॅनरेला फोर्सिथिया. २०११ साली जॉर्ज हाजिशेंगालिस व सहकाऱ्यांनी उंदरांवर केलेला प्रयोग तर कायद्याच्या विद्यार्थ्याने मुद्दाम वाचावा असा आहे. पहिला जंतू उंदराच्या तोंडात सोडला. एकूण वस्तीत त्याचे प्रमाण दहा हजारांत एकाहूनही कमी, तरी हाड खचले. मग तोच जंतू सर्वस्वी निर्जंतुक वाढविलेल्या उंदरांत सोडला. काही झाले नाही. एकटा तो निरुपद्रवी. पण जमावात शिरला की शरीराच्या पहाऱ्यास गुंगवितो, इतर सामान्य जंतूंची संख्या वाढते, स्वभाव बदलतो, आणि अपराध घडतो तो सर्वांच्या हातून. भारतीय दंड संहितेचे १४९ वे कलम, जे १ जुलै २०२४ पासून भारतीय न्याय संहितेच्या १९० व्या कलमात गेले, ते बेकायदेशीर जमावातील प्रत्येकास समान उद्दिष्टापायी घडलेल्या अपराधाचा भागीदार ठरविते. कॉकच्या कसोटीत एकट्या अपराध्याचीच कल्पना होती. हिरड्यांचा खटला त्या कलमाखाली चालवावा लागला नाही, म्हणूनच इतकी वर्षे रखडला, असे मला वाटते.

हे सारे आता लिहिण्याचे निमित्त आमचे काका. गेल्या पावसाळ्यात ते एक कात्रण घेऊन आले. हिरड्यांतील जंतू मेंदूत शिरून स्मृतिभ्रंश करतात असे त्यात होते. त्यांची बहीण त्या रोगाने गेली. ते म्हणाले, “दात तसेही हलताहेत, सगळे काढूनच टाकतो. तू काय म्हणतोस?” मी त्यांच्यासमोर पावती ठेवली. मग जे ठाऊक होते ते सांगितले. हिरड्यांचा रोग आणि मधुमेह एकमेकांस वाढवितात, आणि हिरड्यांवर उपचार केल्यास मधुमेही माणसाच्या रक्तातील साखर काहीशी उतरते, यास चाचण्यांचा आधार आहे. हृदयविकाराशी संबंध दिसतो, पण हिरड्यांचा रोग त्याचे कारण आहे हे सिद्ध झालेले नाही, असे अमेरिकन हृदयरोग संघटनेने २०१२ साली सर्व पुरावा पाहून म्हटले. स्मृतिभ्रंशाची गोष्ट अशी की, २०१९ साली काही रोग्यांच्या मेंदूत त्या पहिल्या जंतूची विकरे सापडली हे खरे. त्यावरून ती विकरे रोखणारे औषध सहाशेहून अधिक रोग्यांवर तपासले गेले, आणि २०२१ साली निकाल लागला की, स्मृतीचा ऱ्हास त्याने थांबला नाही.

काकांनी पावती दोनदा वाचली. दुसऱ्या आठवड्यात ते दंतवैद्याकडे जाऊन कीटण काढवून आले. चार बैठका लागल्या. दोन दाढा वाचण्यासारख्या नव्हत्या, तेवढ्या काढाव्या लागल्या.